दोनशे तीसचं गाव

आमच्या हातगेवाडीत माणसं दोनशे चौतीस, पण तालुक्याचा कॉम्प्युटर दोनशे तीसच सांगायचा, म्हणून दर आठवड्याला चार माणसांना नसावं लागायचं. सोमवार ते रविवार. पुढच्या सोमवारी दुसरी चार.

सुरुवात अशी झाली. तालुक्याहून एक साहेब गाव मोजायला आले. शाळेच्या पटांगणात सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि एकेकाच्या पाठीवर खडूनं आकडा घातला. चार जास्त भरले.

"ही चार कुठली?" साहेबांनी विचारलं.

"गावचीच," आमच्या सरपंच शालनवहिनी म्हणाल्या.

"गावची दोनशे तीस आहेत. मी कॉम्प्युटरला विचारून आलोय."

"मग ही चार आम्ही कुठनं आणली?"

"तेच मी विचारतोय बाई."

साहेब चिडले नाहीत, माणूस शांत होता. म्हणाले, हे राउंड फिगर आहे, यात कुणाचा दोष नाही. दहाच्या वरची सुटी माणसं एकतर वर जातात नाहीतर खाली. तुमची खाली गेली. फक्त कुठली चार नाहीत तेवढं गावानं ठरवून कळवा. तोवर पाण्याचा टँकर, पोरांचे डोस, दवाखान्याची गाडी, सगळं थांबेल.

ग्रामसभा भरली. कुणीतरी म्हणालं, सगळ्यांत म्हातारी चार काढा. त्याला मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मग शेजारचा बापू साळोखे उठला. म्हणाला, "पाण्याची पाळी कशी वाटून घेतो? तसंच हे घ्या वाटून. एक आठवडा कुणीबी काढंल." ग्रामसेवक चौगुले भाऊसाहेबांनी ठराव लिहिला. सूचक बापू साळोखे, अनुमोदक नारू न्हावी. मतदार यादीच्या क्रमानं नंबर लावले आणि ज्यांची नावं यादीत नव्हती अशी लहान पोरं मागं जोडली. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, मोजताना लहान-मोठं असं काही नसतं.

नियम थोडे होते. नसलेल्या माणसाशी बोलायचं नाही. त्याच्याकडं बघायचं नाही, चुकून नजर गेली तर काढून घ्यायची. त्यानं नळावर सगळ्यांच्या मागनं पाणी भरायचं. त्यानं स्वयंपाक करायचा नाही, कारण त्याची भाकरी खाल्ली तर ती कुणी केली ते सांगावं लागेल. त्याचं जेवण दुपारी मागच्या दाराला झाकून ठेवायचं आणि ठेवणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही.

गावाला सवय झाली. नारू न्हाव्याला तर त्याचा आठवडा फार आवडला. बायको सात दिवस बोलली नाही म्हणून तो पुढचा नंबर मागायला लागला. सासवा सुनांच्या आठवड्याची वाट बघायच्या आणि सुना सासवांच्या. भांडणं अर्धी राहायची, कारण सोमवार उजाडला की समोरचा नसायचा.

पाचव्या आठवड्यात माझा नंबर लागला. भाऊसाहेब सांगायला ओट्यापर्यंत आले.

"मी न्हाई व्हायला मी मेलोय का?" मी म्हणालो.

"मेलं तर उलट सोपं पडतं आबा. ते एकदाच कमी होतं."

"चौगुले, माझ्या ओट्यावरनं उतर."

"सगळ्यांनी केलं आबा. शालनवहिनींनी केलं, माझ्या आईनं केलं."

"तुझ्या आईला सवय असंल. मी सत्तर वर्सं हाय. एका कॉम्प्युटरसाठी न्हाई होणार न्हाई."

आतून माझी बायको हौसा बाहेर आली. हाताला पीठ होतं. म्हणाली, "भाऊसाहेब, त्यांचा नंबर मला द्या. माझाबी मागनं येतोयच. दोन आठवडं सलग काढते, त्यात काय." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी हायसा तसं ऱ्हावा. तुमाला न्हाई व्हायला जमायचंबी न्हाई. खोकला ऐकूनच साहेब मोजतील."

भाऊसाहेब हसले आणि त्यांनी लिहून घेतलं. मला वाटलं, जिंकलो.

पहिल्या दिवशी दुपारी मी सदरा घालत होतो. हौसा आतल्या दारात उभी होती. नियम विसरली आणि म्हणाली, "अवं, बटण तुटलंय तुमचं. काढा, लावून देते." मी तिच्याकडं न बघता भिंतीकडं बघितलं. उभ्या जन्मात मी कुणाचा नियम पाळला नव्हता. ठेकेदाराचा नाही, पाटलाचा नाही, डॉक्टरचा तर नाहीच. हा एक पाळला. ती मागं गेली.

त्या दोन आठवड्यांत मला स्वतःच्या हातानं भाकरी थापावी लागली. विहिरीचे दगड फोडून हात असे झालेत की पीठ धरतच नाही. भाकरी जळली आणि माझं डोकं तापलं. तसाच एसटीनं तालुक्याला गेलो. खरं सांगायचं तर मी हौसासाठी गेलो नव्हतो, भाकरीसाठी गेलो होतो.

कचेरीत कॉम्प्युटरवर मुलाणी मॅडम म्हणून एक बाई बसायच्या. तरुण होत्या, पण नीट बोलल्या.

"बाई, आमची हातगेवाडी किती?"

त्यांनी बटणं दाबली. "दोनशे तीस."

"आणि खरी किती?"

त्यांनी एकदा दाराकडं बघितलं आणि पुन्हा बटणं दाबली. "आत दोनशे चौतीस आहेत आजोबा."

"मग तेवढी का सांगत न्हाई हा?"

"आम्ही विचारतानाच तसं विचारतो. प्रश्नातच लिहिलेलं असतं, की उत्तर जवळच्या दहावर आणून दे. आत काही बदलत नाही. आत तुमचं एकेक माणूस जागच्या जागी आहे. फक्त बाहेर येताना तो आकडा तसा येतो."

मी तिसरीत शाळा सोडली, तरी मला एवढं कळलं. म्हणालो, "मग तेवढा शब्द काढा की प्रश्नातनं."

"प्रश्न वरून येतो."

"आत्ता तुमी काढलाच न्हवं?"

"ते मी तुम्हाला सांगितलं. कार्यालयाला नाही सांगितलं."

"मग अर्ज लिहा माझा."

त्यांनी एक कागद काढला आणि वाचून दाखवला. अर्ज, जो माणूस मोजणीत धरला गेला नाही त्यानंच करायचा होता. आणि तो समक्ष हजर पाहिजे होता. धरला न गेलेला माणूस हजर राहू शकत नव्हता. पुढच्या आठवड्यात तो हजर राहू शकत होता, पण मग तो धरला गेलेला होता आणि त्याची काही तक्रार उरत नव्हती. मॅडम म्हणाल्या की त्यांनी हा कागद बऱ्याच गावांना वाचून दाखवला आहे.

"एक सोपा मार्ग आहे आजोबा. एक माणूस वाढू दे. दोनशे पस्तीस झालात की हा दोनशे चाळीस सांगेल."

"पाचाला वरच जातो? खात्रीनं?"

"हा जातो. पलीकडच्या तालुक्यातला जरा वेगळा आहे. तो बरोबर पाच आले की, किती दहा होतात ते मोजून, सम आकड्याकडं झुकतो. तिथलं दोनशे पंचवीसचं एक गाव खाली दोनशे वीस झालं, फार हाल झाले त्यांचे. पण तुमचे तेवीस दहा विषम आणि चोवीस दहा सम, तेव्हा तुम्ही कुठंही असता तरी वरच गेला असता."

मी उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, "घरी आता कुणाचा नंबर आहे?"

"बायकोचा."

"मग लवकर घरी जा ना."

"जाऊन काय करू? बोलता येत न्हाई."

"तरीपण."

पुढची एसटी लगेच होती. ती मी सोडली, स्टँडवर बसून भजी खाल्ली आणि दुसरीनं आलो.

एक माणूस वाढलं की सुटका, ही बातमी मीच गावात आणली आणि चार दिवस भाव खाल्ला. बापू साळोख्याची सून रेश्मा तेव्हा गरोदर होती. सगळं गाव तिच्या पोटाकडं बघायला लागलं. आणि तोवर कुणी मरू नये म्हणून आम्हा म्हाताऱ्यांकडं बघायला लागलं. आयुष्यात माझ्या खोकल्याची कुणी विचारपूस केली नव्हती. आता रोज कुणीतरी यायचं.

"आबा, कफ कसा हाय?"

"तुला रं काय करायचंय?"

"चैत्रापतुर टिका तेवढं. मग तुमची मर्जी."

रेश्माचा नंबर मार्गशीर्षात लागला तेव्हा भाऊसाहेबांना शंका आली. नसलेल्या बाईच्या पोटातलं मूल कुणाच्या नावावर लिहायचं? ते हवेतच राहील. म्हणून रेश्माला सोडायचं ठरलं आणि तिचा आठवडा हौसानं घेतला. मग रेश्माजवळ तिची सासू पाहिजे म्हणून सासूचाही हौसानं घेतला. मग एकाची दहावी होती. एकीच्या घरी पाहुणे बघायला येणार होते.

हौसा कुणाला नको म्हणणारी नव्हतीच. पण पुढं पुढं तिला कुणी विचारतही नव्हतं. आठवडा संपायच्या आत पुढच्याचं नाव ठरवावं लागायचं आणि तेव्हा ती नसायची. नसलेल्या माणसाला विचारता येत नाही, ते नियमाच्या बाहेर होतं. म्हणून भाऊसाहेब मला विचारायचे.

"आबा, हौसाकाकूंचा अजून एक आठवडा लिहू?"

मी ओट्यावर बसलेला असायचो. सुपारी कातरत म्हणायचो, "लिही."

असे पौष, माघ आणि फाल्गुन गेले.

मी रोज दुपारी मागच्या दाराला ताट ठेवायचो आणि वळून बघायचो नाही. संध्याकाळी ताट रिकामं, घासून पालथं घातलेलं असायचं. घासणं नियमात बसत नव्हतं, पण मी कुणाला सांगितलं नाही. कधी आतल्या खोलीत बांगडी वाजायची. कधी माझं धोतर वाळून घडी घातलेलं मिळायचं. मग एकदा ताट तसंच राहिलं. भाकरीच्या कडा वाळून वर आल्या होत्या. मला वाटलं, रुसली असेल. दुसऱ्या दिवशीही तसंच. मला राग आला. मी इथं हात भाजून घेतोय आणि हिला रुसवा सुचतोय. तिसऱ्या दिवशी मी एकच भाकरी ठेवली. चौथ्या दिवशी अर्धी. पुढं ताट ठेवायचंच सोडलं, म्हटलं भूक लागली की येईल आपणहून.

ती कुठल्या दिवशी गेली ते मला सांगता येत नाही. बांगडी शेवटची कधी वाजली तेही नाही. तिच्याकडं न बघायची मला इतकी सवय झाली होती की ती होती तेव्हा आणि नव्हती तेव्हा मला घर सारखंच दिसत होतं.

चैत्रातल्या एका गुरुवारी सकाळी रेश्मा बाळंत झाली. मुलगी झाली. भाऊसाहेबांनी दवाखान्यातूनच नोंद केली आणि मोबाईल वर धरून पळत आले. मोबाईलवर दोनशे चाळीस होतं. सगळं गाव पटांगणात जमलं. हलगी आली. रेश्माला गाडीतनं आणलं आणि पोरीला टोपड्यासकट सगळ्यांना दाखवलं. मग शालनवहिनींनी नसलेल्या चौघांना मोठ्यानं हाका मारल्या.

नारू न्हावी शाळेच्या मागनं आला. लोकांनी त्याच्याकडं पोटभर बघितलं. तो लाजला. त्याच्यामागनं गुरवाची म्हातारी आली, मग हरी लोहार. त्यांच्याशी सगळी एकदम बोलायला लागली.

"हौसाकाकू!" शालनवहिनींनी हाक मारली.

कुणी आलं नाही.

"अगं हौसा, सुटका झाली! ये की भाईर!" बापूची बायको ओरडली.

बापू आमच्या घरी पळत गेला आणि चालत परत आला. मग सगळी उठली. ओढा बघितला, विहिरी बघितल्या, मळे बघितले, तिच्या माहेरी फोन केला. मी पटांगणातच बसून होतो. मला ताटाचं आठवलं होतं. ते मी सगळ्यांना सांगितलं.

भाऊसाहेबांनी खडू मागवला आणि पाठीवर आकडे घालून तीनदा गाव मोजलं. पोरीच्या टोपड्यावरही घातला. तिन्ही वेळा दोनशे चौतीस भरले.

"आणि मोबाईल दोनशे चाळीस सांगतोय," भाऊसाहेब म्हणाले. "म्हणजे आत दोनशे पस्तीस आहेत. काकू आत आहेत. बाहेर नाहीत."

"मग आता?" शालनवहिनींनी विचारलं.

"आता नियमानं मला कळवावं लागतं. माणूस कमी झालं की कळवायचं. काकूंना कमी केलं की आत दोनशे चौतीस होतात. मग पुन्हा दोनशे तीस. पुन्हा चार."

कुणीतरी हलगीवाल्याला घरी जायला सांगितलं. यादी भाऊसाहेबांच्या हातातच होती. बापूनं हळूच विचारलं, "सोमवारी कुणाचा नंबर?"

"मतदार यादी संपली. आता मागं जोडलेली पोरं, धाकट्यापासून. पहिलं नाव..." भाऊसाहेबांनी रेश्माकडं बघितलं नाही. "लहान-मोठं असं काही नाही त्यात."

रेश्मानं पोरीला पदराखाली घेतलं. अजून एका दिवसाचीही नव्हती पोर. तिच्याकडं सात दिवस कुणी बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, रडली तर कोण रडतंय विचारायचं नाही. तिचा आठवडा घेणारी जी बाई होती ती सापडत नव्हती.

"केरबाआबा," शालनवहिनी म्हणाल्या, "तुमचं माणूस हाय. तुमी म्हणाल तसं."

माझ्या मनात काय होतं ते लिहितो. मला वाटत होतं, सगळ्या गावाला शिव्या घालाव्या. कळवा म्हणावं, कमी करा तिला, आणि तिचं दहावं करावं, तेरावं करावं. कावळा शिवला नाही तर कबूल करावं की माझं चुकलं. बायकोसाठी डोकं भादरून घ्यायचा, रडायचा माझा हक्क होता आणि मी माझा हक्क कधी कुणाला सोडलेला नाही. पण मी दहावं घातलं की ती कमी होत होती, आणि ती कमी झाली की त्या पोरीचा सोमवार होता.

"हाय म्हणा," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"हौसा हाय. घरात हाय. तसं लिवा."

भाऊसाहेबांनी तसं लिहिलं.

मग नवीन अडचण आली. मोबाईलप्रमाणं आम्हाला आता दोनशे चाळीस दाखवायचे होते आणि होते दोनशे चौतीस. सहा माणसं, जी नाहीत, ती असावी लागणार होती. भाऊसाहेबांनी ती घरोघर वाटून दिली. त्यांच्याशी बोलायचं, त्यांना वाट द्यायची, पंगतीला पान मांडायचं. बापूनं एक घेतलं आणि त्याला सैन्यातला मुलगा म्हणायला लागला. नारूनं दुसरी बायको मागितली, पहिलीनं ती देऊ दिली नाही, मग त्याला एक मेहुणा दिला. पाच अशी गेली. सहावं माझ्या घरी लिहायचं आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ते कुणी मागितलं नाही.

ज्येष्ठात साहेब पुन्हा मोजणीला आले. या वेळी घरोघर फिरले. आमच्या ओट्यावर एकच बाक आहे, त्याच्या टोकाला मी बसलो होतो. ते मधोमध बसले आणि वही उघडली.

"घरात किती?"

"दोघं."

"तुम्ही आणि?"

"बायको. हौसाबाई केरबा डोईफोडे."

"कुठं आहेत?"

"ही काय. तुमच्या शेजारी बसलीया. अडचण होतीया तिला."

साहेब म्हणाले, "माफ करा बाई," आणि थोडे सरकून बसले. मग त्यांनी वहीत दोन लिहिलं.